१.८ की २.०? साताऱ्यातल्या एका ऑक्टाव्हियाचं इंजिन ठरवताना

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, एमएच-११ पासिंग, २००५ ची नोंदणी. हे मॉडेल आपल्याकडे २००४ मध्ये आलं तेव्हा पेट्रोल टर्बो सेडान हा प्रकारच दुर्मीळ होता. १.८ लिटर, १५० बीएचपी, २१० न्यूटन-मीटर, पाच गिअर. आजचे मालक कोरेगाव तालुक्यातले, वय पस्तिशीच्या आतलं, आल्याची शेती आणि जोडीला जेसीबीचा धंदा. गाडी त्यांच्याकडे थर्ड ओनर म्हणून आली. इंजिन तेल खात होतं आणि तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन उतरलं होतं. म्हणजे इंजिनचं काम काढणं भागच होतं, आणि काम निघतंच आहे म्हटल्यावर भूक वाढली.

"सर, टू लिटर करून टाकू. चारशे पाहिजेत. रोजची गाडी हाय, कोरेगाव-सातारा चालती, पण चारशे पाहिजेत."

या वाक्यातली "रोजची गाडी" आणि "चारशे" (म्हणजे चारशे बीएचपी) एकत्र नांदतात की नाही, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

टू लिटरची मागणी हवेतली नव्हती. फोक्सवॅगन घराण्याचं हे १.८ टर्बो इंजिन जगभर खोललं-बांधलं गेलंय. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ८६.४ मिमी, १७८१ सीसी, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, ब्लॉक बिडाचा. त्याच घराण्यातल्या टू लिटर इंजिनाचा ९२.८ मिमी स्ट्रोकचा क्रँक या ब्लॉकमध्ये बसवता येतो. बोअर तोच ठेवला तर १९१३ सीसी, ८२.५ केला तर १९८४, आणि ८३ पर्यंत नेला तर २००८. पिस्टन आणि ते क्रँकला जोडणारे कनरॉड तयार मिळतात, वाट मळलेली आहे. त्यामुळे माणूस आधी सीसी ठरवतो, मग मोठा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) शोधतो, आणि गिअरबॉक्स फुटल्यावर गिअरबॉक्सचा विचार करतो.

माझं मत उलटं आहे. सीसी सगळ्यात शेवटी ठरवायची. आधी रस्ता, मग पंपावर मिळणारं पेट्रोल, मग गिअरबॉक्स, मग टर्बो. या चौघांनी जेवढी जागा सोडली असेल तेवढ्यात सीसी बसवायची.

रस्ता आणि हवा

ही गाडी कुठे फिरते? कोरेगाव ते सातारा. महिन्यातून कधीतरी पुणे, परतीला खंबाटकी घाट. पाहुणे आले की यवतेश्वरमार्गे कास, नाहीतर वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर. घाटातल्या वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरला इंजिन दोन ते तीन हजारांवर असतं. टर्बो चार हजारांनंतर जागा होणार असेल, तर पुढचं वळण येईपर्यंत तो झोपलेलाच राहणार. हायवेवर मोकळा पट्टा मिळतो, पण तिथेही पाच-सहा हजारांच्या वर इंजिन काही सेकंदच राहतं. म्हणजे या गाडीचं आयुष्य २,५०० ते ५,५०० आरपीएममध्ये जाणार. चारशेचा आकडा येतो तो सात हजारांच्या आसपास.

दुसरी गोष्ट उंचीची. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब ९३ किलोपास्कलच्या आसपास असतो, समुद्रकाठी तो १०१. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या घरात, तिथे दाब ८६ पर्यंत उतरतो. टर्बोच्या गाडीला उंचीचा त्रास नाही, असं सर्रास म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. या गाडीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेच्या भरणीवर नजर ठेवून बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जास्तीचा दाब, सांभाळतो. हवा विरळ झाली की तीच भरणी साधायला तो टर्बोला जास्त पळवतो. इंजिनाची ताकद टिकते, पण टर्बोची राखीव ताकद संपत जाते. परदेशातल्या एखाद्याने समुद्रकाठी "हा टर्बो चारशेला पुरतो" असं सांगितलं, तर त्याचा हिशोब महाबळेश्वरच्या बाजारात चालत नाही.

आकड्यांत मांडतो. ढोबळ नियम असा की मिनिटाला एक पौंड हवा म्हणजे दहा बीएचपी. चारशेसाठी ४० पौंड, म्हणजे मिनिटाला सुमारे १८ किलो हवा. १९८४ सीसीचं इंजिन ७,००० आरपीएमला, इंटरकूलरनंतर (टर्बोने तापवलेली हवा गार करणारी जाळी) हवा ५० अंशांवर धरली, तर एवढी हवा गिळायला मॅनिफोल्डमध्ये २५५ किलोपास्कल निरपेक्ष दाब लागतो. बाहेरचा दाब वजा केला की साताऱ्यात तो मीटरवर १.६ बार बूस्ट दिसेल. फिल्टर आणि इंटरकूलरमधलं नुकसान धरलं तर कॉम्प्रेसरला हवा २.९ पट दाबावी लागते, महाबळेश्वरात ३.१ पटीच्या वर. हीच मागणी ८१.५ मिमी बोअरच्या १.८ इंजिनाकडून केली तर साताऱ्यातच जवळपास १.९ बार बूस्ट लागतो. इथवर मालकांचं म्हणणं बरोबर होतं. चारशे खरोखर पाहिजेत तर टू लिटरच करायला हवं.

पंपावर काय मिळतं

कोरेगावच्या पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ऑक्टेन ९५ च्या आसपास. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर आहे, पण रात्री अकराला वाठारजवळ टाकी रिकामी होत आली की निवडक पंप कामाचे नाहीत. ट्यूनिंगचा माझा नियम साधा आहे: गाडीच्या टाकीत येऊ शकणारं सगळ्यात वाईट पेट्रोल धरून ईसीयूचा मॅप करायचा. चांगलं पेट्रोल मिळालं तर इंजिन थंड डोक्याने चालेल, एवढंच.

इथेनॉलला नावं ठेवायची फॅशन आहे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांच्याबाबत ती तक्रार खरीही आहे, म्हणून या गाडीच्या टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. पण टर्बो इंजिनाला इथेनॉल आवडतं. बाष्प होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं आणि नॉकिंग (मिश्रण भलत्या वेळी आपोआप पेटणं) लांबवतं. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांचा माल आपल्याच टर्बोला गारवा देतो, यात मला थोडी गंमतही वाटते. बदल्यात पेट्रोल जास्त लागतं. नुसत्या पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या जवळ. म्हणजे त्याच हवेला इंधन आठ-नऊ टक्के जास्त. इंजेक्टर निवडताना हे विसरलं तर वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) होतं, आणि पिस्टनचा माथा वितळायला तेवढं पुरतं.

गिअरबॉक्सने दिलेलं उत्तर

चारशेचा विषय संपला तो इथे. या गाडीत ०२जे नावाचा पाच गिअरचा बॉक्स आहे. कंपनीच्या भाषेत एमक्यू२५०, आणि नावातला आकडा म्हणजे साधारण किती न्यूटन-मीटर टॉर्कसाठी तो बनवलाय ते. सांभाळून चालवला तर त्याहून जास्त सोसतो, पण त्याचं दुखणं जगजाहीर आहे. डिफरन्शिअलचा क्राउन गिअर रिव्हेटने बसवलेला असतो. ताण वाढला की रिव्हेट तुटतो आणि बॉक्सच्या अॅल्युमिनियमच्या पोटातून बाहेर येतो.

टॉर्क आणि बीएचपी यांचं नातं गणिताने बांधलेलं आहे: न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले ७,१२१. टू लिटरवर चारशे काढायचे तर सात हजाराला ४०७ न्यूटन-मीटर हवेत, आणि मधल्या पट्ट्यात ते साडेचारशेच्या घरात जाणार. अडीचशेच्या बॉक्सवर साडेचारशे! रिव्हेटच्या जागी बोल्ट घातले तरी मी ही गाडी घरच्यांना घेऊन पसरणीच्या घाटात चढवणार नाही.

मग प्रश्न फिरवला. चारशे कसे काढायचे हे बाजूला ठेवून, हा बॉक्स रोज किती सोसेल ते आधी ठरवलं. बोल्ट किट आणि नवी बेअरिंग घालून ३२० न्यूटन-मीटरची कमाल मर्यादा धरली. कंपनीच्या आकड्याच्या वर आहोत हे मालकांना स्पष्ट सांगितलं. ३२० न्यूटन-मीटर साडेसहा हजारांपर्यंत सपाट धरला तर २९० बीएचपी होतात. तेवढ्याच टॉर्कवर चारशे काढायचे तर इंजिन ८,९०० पर्यंत फिरवावं लागेल.

मालक गप्प झाले. मग म्हणाले, "म्हंजे शंभर-सव्वाशे गेले." मी म्हटलं, "गेले नाहीत दादा, ते आलेच नव्हते. आज दीडशे आहेत, त्याचे जवळपास दुप्पट होतायत."

मग टू लिटर का नाही?

हा त्यांचा पुढचा प्रश्न, आणि सगळ्यात चांगला प्रश्न. टॉर्क ३२० लाच बांधायचा असेल तरी मोठं इंजिन तो कमी दाबात देईल आणि लवकर देईल. हे खरं आहे. ३२० न्यूटन-मीटर देताना १.८ च्या सिलिंडरमधला सरासरी प्रभावी दाब २२ बारच्या थोडा वर जातो, १९८४ सीसीत तो २० च्या आसपास राहतो. ९५ ऑक्टेनवर, मे महिन्यातल्या उन्हात, हे दोन बार कमी मोलाचे नाहीत.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांच्याकडे ब्लॉक बोअरिंगला जातो ते मामा टू लिटरच्या विरोधात होते, पण त्यांचं कारण मला पटलं नाही. त्यांचं म्हणणं, क्रँकचा हात लांबला की कनरॉड जास्त तिरका होतो, पिस्टन भिंतीला दाबला जातो आणि बोअर लंबगोल होतो. भूमिती बरोबर आहे. १४४ मिमीच्या कनरॉडला ८६.४ चा स्ट्रोक असला तर गुणोत्तर १.६७ येतं, ९२.८ ला १.५५. पण फोक्सवॅगनने स्वतःच ८२.५ बाय ९२.८ चं टर्बो इंजिन याच १४४ च्या कनरॉडवर काढलं आणि लाखो गाड्यांत घातलं. पिस्टनचा सरासरी वेगही सात हजाराला सेकंदाला २०.२ मीटरवरून २१.७ होतो. काळजी वाढते, पण त्यावरून "नको" म्हणावं एवढी नाही.

माझी कारणं वेगळी होती. एक म्हणजे लवकर येणारा टॉर्क हाच या गिअरबॉक्सचा शत्रू. चौथ्या गिअरला अडीच हजारांवर ॲक्सिलरेटर दाबल्यावर जो धक्का बसतो तो रिव्हेटला सात हजारांच्या फेऱ्यांपेक्षा जास्त खातो. टू लिटर करून मग तोच खालचा टॉर्क ईसीयूतून कापायचा, म्हणजे क्रँकचे पैसे देऊन त्याचा फायदा सोडून द्यायचा. दुसरं, टर्बो लहान निवडला तर १.८ सुद्धा घाटाला पुरेसं लवकर जागं होतं. आणि तिसरं आरसी बुक.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आरसीवर १७८१ सीसी छापलेलं आहे. गाडी पंधरा वर्षांच्या वर गेलेली, त्यामुळे दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी ती आरटीओत तपासणीला उभी राहणार. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, म्हणून मूळ ब्लॉक बदलायचा नाही हे तर पहिल्याच दिवशी ठरलं होतं. त्याच ब्लॉकमध्ये २०० सीसी वाढवून ठेवल्या तर उद्या अपघात झाल्यावर विमा कंपनीच्या सर्वेअरच्या हातात आयतं कारण जातं.

सीसी तशीच राहिली म्हणून टर्बो बदलणं कायद्यात बसतं, असं मात्र मी म्हणणार नाही. टर्बोचं मॉडेल आरसीवर नसतं इतकंच. विमा कंपनीला बदल कळवायचा की नाही हा निर्णय मालकाचा. मी त्यांना कळवायला सांगितलं, आणि ते लेखी सांगितलं.

भाग

ब्लॉक मोजल्यावर बोअर घासून निमुळता झालेला निघाला, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा ओव्हरसाइज घ्यावाच लागला. ८१.५ मिमी, हिशोबाने १८०३ सीसी. ही दुरुस्तीतली नेहमीची वाढ. मामांनी जाड प्लेट कापून टॉर्क प्लेट बनवली आणि ती हेडच्या बोल्टच्या ताणाने आवळून मग होनिंग (बोअरची शेवटची बारीक घासाई) केलं. हेड बसल्यावर बोअर जसा वाकणार तसा तो होनिंगच्या वेळीच वाकवलेला असला की रिंगा गोल जागेत चालतात. हे काम न सांगता करणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नये.

पिस्टन फोर्ज्ड, पण जास्त सिलिकॉनच्या ४०३२ मिश्रधातूचे. रेसवाले २६१८ घेतात. तो जास्त मार सोसतो, पण तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला बोअरमध्ये ढिलाई जास्त द्यावी लागते. मग थंडीत सकाळी गाडी सुरू केली की डिझेलसारखा आवाज, आणि रोजच्या वापरात रिंगा लवकर जातात. पहिल्या रिंगेचा गॅप ०.४ मिमीच्या जरा वर ठेवला. टर्बोच्या उष्णतेने रिंगेची टोकं एकमेकांना भिडली तर पिस्टनचा काठच तुटून येतो. कॉम्प्रेशन रेशो सव्वानऊ. कंपनीचं साडेनऊच्या आसपास असतं. ते साडेआठवर आणा असा सल्ला त्यांना कोणीतरी दिला होता. तसं केलं तर बूस्ट येईपर्यंत गाडी मेल्यासारखी चालते, आणि घाटात नेमकं तेच नको होतं.

कनरॉड फोर्ज्ड, एच-बीम. मूळचे कनरॉड चारशे न्यूटन-मीटरच्या आसपास वाकतात असा या इंजिनवाल्यांचा अनुभव आहे. आपली मर्यादा ३२०, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मूळचेही चालले असते. तरी बदलले, कारण इंजिन खोललेलं होतं आणि बूस्ट नियंत्रण एकदा चुकलं की आकडा मर्यादेत राहत नाही.

टर्बोवर मात्र बरेच दिवस चर्चा झाली. मालकांच्या डोक्यात गॅरेटचा जीटी३०७६आर होता. नावातल्या शेवटच्या दोन आकड्यांतून कॉम्प्रेसर चाकाचा व्यास कळतो, इथे ७६ मिमी. चारशे-पाचशेच्या गाडीला तो शोभतो. या इंजिनावर तो पूर्ण दाब द्यायला चार हजारांच्या पुढे जातो. आम्ही जीटी२८६०आरएसवर थांबलो, ६० मिमीचं चाक, बॉल बेअरिंग. साडेतीनशेच्या थोडं वरपर्यंत त्याची झेप. आपली मागणी २९० ची, म्हणजे मिनिटाला १३ किलोच्या थोडी वर हवा. साताऱ्यात त्यासाठी सव्वा बारच्या आसपास बूस्ट लागतो, आणि महाबळेश्वरला गेल्यावर जास्त पळायला टर्बोकडे दम शिल्लक राहतो. हाच हिशोब मोठ्या टर्बोने केला असता तर दम भरपूर उरला असता, पण घाटात तो कधी कामी आलाच नसता.

मॅनिफोल्ड बिडाचा ओतीव घेतला. चकचकीत स्टीलचे पाइप वेल्ड केलेले मॅनिफोल्ड फोटोत छान दिसतात, पण टर्बोचं वजन आणि उष्णता सोसून दोन-तीन वर्षांत वेल्डजवळ चिरतात.

इंजेक्टरचा हिशोब: २९० बीएचपीला ताशी साधारण ७६ किलो इंधन. चार इंजेक्टरवर वाटून, ऐंशी टक्के उघडझाप धरून, ई-२० ची वाढ मिळवली की मिनिटाला पावणेसहाशे सीसी येतात. ६३० सीसीचे घातले, टाकीत ताशी २५५ लिटरचा पंप. क्लच ४०० न्यूटन-मीटर धरणारा, पण ऑरगॅनिक प्लेटचा. पोवई नाक्यावरच्या गर्दीत मेटॅलिक क्लच म्हणजे पायाला शिक्षा. इंटरकूलर समोर, बंपरच्या मागे.

चालवल्यावर

पुण्यात डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चाकांशी २४० ते २४५ बीएचपी दिसले. वाटेत गिअरबॉक्स थोडी ताकद खातो, त्यामुळे इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच्या २९० शी हे जुळतं. टॉर्क ३,५०० च्या आसपास पूर्ण येतो. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरला बूस्ट मुद्दाम कमी ठेवलाय, कारण पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. त्या गिअरमध्ये जास्तीची ताकद टायर जाळण्यात जाते आणि तोच धक्का परत गिअरबॉक्समध्ये येतो.

त्रास निघाला तो अनपेक्षित जागी. गळीत हंगामात कोरेगाव रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी पंधराच्या वेगाने रांगते. इंटरकूलरला वारा मिळत नाही आणि इंजिनात जाणारी हवा साठ अंशांच्या वर तापते. मग ओव्हरटेक करायला पाय दाबला की ईसीयू नॉकिंगच्या भीतीने इग्निशन मागे घेतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी गाडी सुस्त वाटते. इंटरकूलरच्या भोवतीच्या फटी पत्र्याने बंद केल्या, म्हणजे समोरून आलेला वारा बाजूने पळून न जाता जाळीतूनच जातो. रेडिएटरचा पंखा लवकर सुरू होईल असं केलं. फरक पडला, पूर्ण गेलं नाही. पाणी-मेथॅनॉल फवारणीचा पर्याय मालकांनी सुचवला होता. मी नको म्हटलं. त्याची टाकी एक दिवस रिकामी असणार, आणि त्या दिवशी मॅप मात्र ती भरलेली आहे असंच धरून चालेल.

टू लिटरचा विषय त्यांच्या मनातून गेलेला नाही. याच चासीच्या परदेशी गाड्यांत सहा गिअरचा ०२एम बॉक्स येतो, एमक्यू३५०, तो ते शोधतायत. मिळाला तर माझं गिअरबॉक्सचं कारण गळून पडतं आणि १९८४ सीसीच्या बाजूने बोलायला मलाही जड जाणार नाही. आरसीवरचे १७८१ तेव्हाही तिथेच असतील. त्याचं काय करायचं हे त्यांनी बॉक्सची ऑर्डर देण्याआधी ठरवावं, एवढंच सांगून ठेवलंय.